चोवीसचं अ‍ॅव्हरेज

आदिलाबादच्या आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं मी मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. गाडीचं अ‍ॅव्हरेज इंजिनापेक्षा चालवणाऱ्याच्या उजव्या पायात असतं, हे मी प्रत्येक बॅचला सांगत असे. चाकांत हवा बरोबर ठेवा, क्लचवर पाय टेकवून बसू नका, पुढे थांबावं लागणार दिसलं की आधीच पाय उचला, पंचावन्नच्या वर जाऊ नका. माझी जुनी पेट्रोल गाडी मी तशीच चालवली. टाकी फुल करायची, फिरून आलं की त्याच पंपावर पुन्हा फुल करायची आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. साडेएकवीस, कधी बावीस. बायको, बयनाबाई, हसायची. "तुमाले पोचाची घाईच नसते," म्हणायची.

बाजारहत्नूरकडे आमचा भाजीच्या शेताचा तुकडा आहे. मागच्या फेब्रुवारीत सकाळी टाकी भरून आम्ही दोघं तिकडे गेलो आणि दुपारी दोनला परत निघालो. इचोड्याच्या अलीकडे ती म्हणाली, "छातीत जळजळ होऊन राह्यली." जेवणात ठेचा झाला होता, मला त्याचंच वाटलं. गुडीहत्नूर मागे पडल्यावर ती पुन्हा बोलली.

"अहो, जरा जोरानं घ्या ना."

"पंचावन्न बराबर हाय. पोचतोच आता."

तिनं काचेला डोकं टेकवलं. गाडी सरळ आदिलाबादच्या दवाखान्याकडे घेतली; फाटकाशी पोचलो तेव्हा दोन त्रेपन्न झाले होते. डॉक्टर हिंदीत म्हणाले, "थोडा पहले लाते तो..."

तेरावं झाल्यावर गाडी पंपावर नेली. पंपावरच्या रेणुकाबाईनं टाकी फुल केली. तीन लिटर नऊशे मिली. चालली होती चौऱ्याण्णव किलोमीटर. सवयीनं मनातच भागाकार झाला. चोवीस पॉइंट एक. इतकं अ‍ॅव्हरेज त्या गाडीनं जन्मात दिलं नव्हतं. हवेच्या मशीनजवळ बसून मी रडलो.

त्यानंतर मला फक्त पेट्रोल जाळायचं होतं. एसी लावला, काचा उघड्या ठेवल्या, डिकीत विटा भरल्या आणि नव्वदनं शेतावर जाऊन आलो. रेणुकाबाईनं भरलं तीन लिटर नऊशे. दुसऱ्या दिवशी तेच. मी मोजमापाच्या भांड्यात पेट्रोल घेऊन पंप तपासला, हायवेच्या दगडांवरून किलोमीटरचा काटा तपासला. दोन्ही बरोबर होते.

फकिरा माझा विद्यार्थी, त्याचं गॅरेज बाजार समितीच्या मागे आहे. त्यानं एकट्यानं गाडी नेली तेव्हा तिनं सोळा दिलं. विटा आणि एसी असताना तेवढंच द्यायला हवं. मग मी चालवली आणि तो बाजूला बसला. शेतावरून निघून इचोड्याला पोचल्यावर तो काट्याकडे वाकला.

"सर, काटा शंभरावर हाय."

"हो."

"मग झाडं इतकी हळू काऊन जाऊन राह्यली?"

मी बाहेर पाहिलं. इंजिन ओरडत होतं, स्टिअरिंग थरथरत होतं. बाजूनं एक मोपेड सावकाश पुढे निघून गेली. दवाखान्याच्या फाटकाशी मी घड्याळ पाहिलं. त्रेपन्न मिनिटं झाली होती.

फकिरा उतरला. "सर, ही गाडी विकून टाका," एवढंच म्हणाला. पुन्हा तो त्या गाडीत बसला नाही.

मी विकली नाही. उलट करून पाहिलं. तीसनं आलो, त्रेपन्न मिनिटं. एकदा दोनला निघालो आणि गुडीहत्नूरच्या पुढे, ती बोलली होती त्या ठिकाणी, गाडी कडेला घेऊन बंद केली. डबा खाल्ला. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. सीट मागे करून झोपही काढली. फाटकाशी पोचलो तेव्हा दोन त्रेपन्न.

म्हणजे थांबलं तरी चालत होतं.

मग मी रोज थांबू लागलो. बाजूची सीट रिकामी असते, हे स्पष्ट लिहितो. आवाज येत नाही, वास येत नाही, काही दिसत नाही. मीच बोलतो. लग्नानंतर तिला शिवणाच्या क्लासला जायचं होतं, मी नको म्हटलं होतं, ते बोललो. आमचा पहिला मुलगा चार दिवसांचा होऊन गेला. त्याचं नाव आम्ही घरात कधी काढलं नव्हतं. ते काढलं. त्या दिवशी मी ऐकलं होतं, तरी पाय दाबला नाही, हे मात्र रोज सांगायचं ठरवतो आणि रोज राहून जातं.

काल ते सांगितलं.

सांगायला किती वेळ लागला, ठाऊक नाही. ऊन काचेवर होतं तिथंच होतं. हायवेवरून एकही गाडी गेली नाही. डब्यातली भाकरी केव्हाच संपली होती. पाण्याची बाटली रिकामी होती. रडून झालं, मग नुसता बसून राहिलो. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

फाटकाशी दोन त्रेपन्न. घरी तीनला.

मुलगी रुपा माहेरी आलेली आहे. तिनं दार उघडलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बाबा, तुमी सकाळी दाढी करून गेलते ना?"

मी गालाला हात लावला. केस बोटांत धरता येत होते.

तिनं माझा हात खाली घेतला आणि उलटा केला. नखं वाढून वळायला लागली होती.