आधीचा आजार

शेजारचं झेरॉक्सचं दुकान त्या दुपारी बंद होतं, म्हणून राजकुमार विमा ऑफिसात डोकावला, एवढंच. एरवी मुकुंदवाडीतल्या त्या ऑफिसात दोन वाजता चिटपाखरूही फिरकत नसे. करुणा एकटीच डबा खात होती. रोजच एकटी खायची. तिचे बद्रीनाथ सर दिवसभर बाहेर, आणि पंख्याशी माणूस बोलून बोलून किती बोलणार!

"मॅडम, दोन कागदांच्या झेरॉक्स मिळतील का? लई अर्जंट आहे."

हात पुसून तिनं कागद घेतले. दुसऱ्याचे कागद वाचू नयेत हे तिला कळत होतं, पण सहा वर्षांची फॉर्म तपासायची सवय… फॉर्म लहान मुलांच्या गंभीर आजाराच्या विम्याचा होता. नाव संस्कृती, वय चार. 'आधीचा काही आजार?' यापुढं ठसठशीत 'नाही'. आणि खाली, चुकून सोबत आलेलं दवाखान्याचं कार्ड — तापात झटके, तीन दिवस भरती.

"तुमची मुलगी?"

"भाची. ताई कंपनीत जाते, म्हणून ही कागदपत्रं माझ्या गळ्यात. माझं अजून लग्न झालेलं नाय," न विचारताच तो बोलून गेला.

करुणाला हसू आलं. ते दाबून तिनं कार्डावर बोट ठेवलं. "मग हे का नाही लिहिलं?"

"एजंट म्हणला लिहू नका, लई चौकश्या होत्यात."

"होऊ द्या की! उद्या पोरीला खरंच काही झालं आणि हे कार्ड बाहेर आलं, तर ऐन वेळी हात वर करतील सगळे. खरं ते लिहा."

"तुम्ही शाळेत बाई पाहिजे होत्या."

"आणि तुम्ही शेवटच्या बाकावर."

त्यानं तिथंच फॉर्म फाडला आणि तिच्याकडून तिच्याच ऑफिसातला नवा भरून घेतला. चौकशा झाल्याच. कधी डॉक्टरांचं पत्र हवं, कधी जुनी चिठ्ठी. प्रत्येक कागद घेऊन राजकुमार बजाजनगरहून, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, स्वतः यायचा. तेही बरोबर डब्याच्या वेळेला.

"हे मोबाईलवर पाठवता आलं असतं," ती म्हणायची.

"आलं असतं… पण मोबाईल ठेचा-भाकर देतोय व्हय?"

तो आला नाही की तिला घास जात नसे. रविवार तर संपता संपायचा नाही. एकटेपणाची आपल्याला सवय आहे असं ती समजत होती, आणि आता दारावर सावली पडली की उगाच ओढणी सारखी करत होती. ओढणीला ती कायम गळ्याशी पिन लावायची. उन्हाळ्यातसुद्धा.

सातव्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. छिद्र होतं, ते बुजवलं. त्यानंतर वीस वर्षांत तिला साधी चक्करही आली नव्हती. पण दोन स्थळं तेवढं ऐकून माघारी गेली, तेव्हा तिच्या आईनं, पारूबाईनं, बायोडाट्यातली ती ओळच खोडली. "लग्न झाल्यावर सांगू सावकाश," आई म्हणायची. म्हणून करुणा पुढचं प्रत्येक स्थळ टाळत आली होती. अख्ख्या गावाला खरं लिहायला लावणारी ही बाई स्वतःच्या घरात तोंड मिटून बसायची. आपल्याला पूर्ण ओळखणारं आईशिवाय कुणीच नाही, हे तिला फार लागायचं.

जानेवारीत राजकुमार पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "पॉलिसी आली! झटके लिहूनसुद्धा!"

"अभिनंदन मामा."

तो हसला. "आता यायला कारण उरलं नाय… म्हणजे… ताईला तुमच्या आईकडं पाठवू का?"

हेच ऐकायला ती किती दिवस झुरली होती! आणि आता वाटलं, यानं विचारलंच नसतं तर बरं. हो म्हणावं, तर आई तो खोडलेला बायोडाटा पुढं करणार. खरं सांगावं, तर उद्यापासून पुन्हा ती आणि पंखा.

"थांबा," ती म्हणाली. "लहानपणी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालंय. आता काही त्रास नाही, पण छातीवर वीतभर खूण आहे. आई सांगणार नाही… म्हणून मी सांगतेय. आधी दोघं जण हे ऐकून गेले. तुम्हालाही जायचं तर जा. मला… मला तुम्ही फार आवडता, म्हणून लपवता येत नाही."

बाहेर रिक्षावाले प्रवाशांना हाका मारत होते. आता हा घड्याळ बघेल, 'घरी विचारून सांगतो' म्हणेल — तिला पाठ होतं सगळं. ती पुड्यावरच्या दोऱ्याकडं बघत राहिली.

"जिना चढताना दम लागतो का?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही… का?"

"आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे," तो ओशाळून म्हणाला. "अन् लिफ्ट नाय. हे पण आधीच सांगितलेलं बरं."