दहा मिनिटांची उजळणी

सांगते, पण मध्ये बोलू नका. धाकटा भाऊ माझा. जिन्यावरून पडल्यापासून मानेखाली लुळा. सहा वर्षं त्याचं सगळं मीच करते. यंदा मशीनवाल्याने त्याच्या पलंगाला एक लोखंडी हात बसवून दिला, तीन बोटांचा. भावाने डोक्याला तारांची टोपी घालायची, मनात पाणी आणायचं, की हात पेला उचलून त्याच्या ओठांना लावणार. फक्त रोज सकाळी दहा मिनिटं उजळणी घ्यायची, वर, खाली, धर, सोड, म्हणजे हाताला त्याच्या मनातलं नीट कळतं.

एका सकाळी भावाला ताप होता. उजळणी चुकली तर मशीनवाला हात परत नेईल, अशी मला धास्ती. म्हणून टोपी मीच घातली. दहा मिनिटांनी काय बिघडतंय, म्हटलं.

त्यानंतर तिसऱ्या दुपारी पाणी भरून आले, तर पेला जमिनीवर आणि हाताने भावाच्या उशीचं टोक धरलेलं.

"हे काय रे?"

"मी पाणी मागितलं होतं, ताई..."

मला त्याचाच संशय आला. जगण्याला कंटाळलाय, दुसरं काय? चांगली खरडपट्टी काढली त्याची.

दुसऱ्या दिवशी उशी डोक्याखालून अर्धी बाहेर ओढलेली. मशीनवाल्याला बोलावलं. लॅपटॉपच्या पडद्यावर बघता बघता त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"या हाताला आणखी कोणी शिकवलंय का, मॅडम?"

मी धडधडीत नाही म्हटलं. कारण त्या दहा मिनिटांत, वर-खाली करता करता, एक विचार येऊन गेला होता. तोंडावर उशी दाबली तर... सुटला असता बिचारा. मीही सुटले असते. एकदाच आला हो, शप्पथ. मला माझीच लाज वाटते.

मशीनवाल्याने हाताचं सगळं पुसून त्याला पहिल्यापासून शिकवलं. तरी मी म्हटलं, हात घेऊनच जा. तर भाऊ रडायला लागला. "सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनाने पाणी प्यायलो, ताई." मग ठेवला. पण त्याचं पाणी पिऊन झालं की टोपी कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात, प्लग काढलेला.

काल दुपारी स्वयंपाकघरात बीट किसत होते. तसलं काही मनात येऊ नये म्हणून गाणं गुणगुणत होते. आतून त्या लोखंडी हाताच्या मोटरची घरघर आली...

बिटाने लाल हातांनीच धावत गेले. भाऊ झोपलेला, श्वास चालू. हात जागच्या जागी, प्लग काढलेलाच. उशी मात्र त्याच्या छातीवर, हनुवटीला टेकलेली.

मी तिला शिवलेही नव्हते अजून. पण पांढऱ्या अभ्र्यावर तीन बोटं उमटली होती, ओली, बिटाच्या रसाची.