वाढत्या अंगाचा फ्रॉक

कॉम्प्युटर हँग होतो म्हणून मला बोलावणारे लोक दोन प्रकारचे असतात. पहिले म्हणतात, "मी काहीच केलं नाही." दुसरे काय काय केलं ते इतकं सविस्तर सांगतात, की त्यांनीच तो बिघडवला याची खात्री पटते. माझे भाऊजी पहिल्या प्रकारातले. त्या दिवशी फोनवर त्यांनी तेच वाक्य म्हटलं आणि वर पुस्ती जोडली, "अपग्रेड तू केलंस ना? मग आता तूच निस्तर."

अपग्रेड मीच केलं होतं, त्यात वाद नाही. भाऊजी आणि माझी ताई लहान मुलांच्या कपड्यांचे पॅटर्न काढून देतात. कारखान्यात हजारभर फ्रॉक शिवायचे असले, की गळा कुठे, बाहीचा मुंढा कसा, घेर किती याचा आराखडा यांच्याकडून जातो. पूर्वी हे काम कागदावर चालायचं, आता पडद्यावर. कारखान्याने नवा प्रोग्राम घेतला, तो भाऊजींच्या जुन्या सिस्टिमवर चालेना, म्हणून मी एका दुपारी जाऊन नवी सिस्टिम टाकून दिली. तेव्हापासून पडदा मधूनच गोठायला लागला.

'भाऊजी आणि ताई' असं म्हटलं खरं, पण ताईने कामाच्या खोलीत पाऊल टाकून कितीतरी वर्षं झाली होती. त्यांची एकुलती एक मुलगी पाच वर्षांची असताना तापाने गेली. काडीसारखी बारीक, म्हणून आम्ही तिला टाचणी म्हणायचो. हातात लोहचुंबक घेऊन ती कटिंग टेबलाखाली रांगायची, जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायची आणि मोठ्या ऐटीत आईच्या ओंजळीत ओतायची. ती गेल्यावर ताईने कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. चहा घेऊन यायची, तोही उंबरठ्याबाहेरच्या स्टुलावर ठेवून परत फिरायची. दोघांचं काम एकटे भाऊजी ओढत होते आणि आता त्यांच्या खांद्यांवर ते दिसायला लागलं होतं. त्यात हा बिघाड. या खेपेचं काम वेळेवर गेलं नाही, तर कारखाना दुसरीकडे जाणार होता.

मला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा होता. खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला माझी बहीण परत हवी होती, पण त्यासाठी माझ्या पेटीत कुठलाच पेचकस नव्हता.

बिघाड सरळ दिसत होता. काम चालू असताना बाण जागच्या जागी थिजायचा, पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबायचं. आतला पंखा मात्र शांतपणे फिरत असायचा. पाच मिनिटं थांबा नाहीतर अर्धा तास, काही हलायचं नाही. वीज तोडून पुन्हा सुरू करणं एवढाच उपाय. मी पंख्यातली धूळ काढली. मेमरी बदलली, डिस्क तपासली, वायरी नव्या घातल्या. सिस्टिम स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवते, ती उघडली. तिथे एकही तक्रार नव्हती. गोठलेला वेळ त्यात नुसता नव्हताच, जणू त्या वेळात कोणी काही लिहायला जागेवर नव्हतं.

शेवटी मी ते धूड उचलून माझ्या घरी आणलं. दिवसरात्र चालवलं, मुद्दाम जड कामं दिली. एकदाही अडखळलं नाही. परत नेऊन भाऊजींच्या टेबलावर लावलं आणि पहिल्याच तासाला बाण थिजला.

"मावशीकडे शहाण्यासारखं वागायचं आणि घरी आलं की अंगात येतं," भाऊजी म्हणाले. त्या घरात मला मावशी म्हणणारं आता कोणी नव्हतं.

मी विषय बदलला. "तुम्ही म्हणाला होतात ना, सुरू केल्यावर पडद्यावर काहीतरी उरतं?"

"हो गं. प्रोग्राम अर्धवट काम स्वतःच वाचवतो. ते उघडलं की त्यात एक जादाचा ठिपका असतो. मी न काढलेला. पुसतो आणि पुढे जातो."

वाचवलेल्या फायली प्रोग्रामने एका बाजूला जपून ठेवल्या होत्या. पडदा नेहमी एकाच जागी गोठतो का, हे मला बघायचं होतं, कारण तसं असेल तर दोष चित्र काढणाऱ्या भागात असतो. मी प्रत्येक फाईलमधला तो जादाचा ठिपका उचलला आणि सगळे एका कोऱ्या पानावर एकावर एक ठेवले.

एकच जागा नव्हती. वर काही, मध्ये काही, दोन्ही कडांना काही. मी कपाळाला हात लावला. भाऊजी मात्र खुर्ची पुढे ओढून बसले आणि ठिपके रेघांनी जोडायला लागले. गळा झाला. मुंढे झाले. कंबर झाली.

"हा तर फ्रॉक आहे," मी म्हणाले.

"आहे. पण असा कोणी काढत नाही." भाऊजींनी गळ्यापासून खाली बोट नेलं. "आम्ही नेहमी अर्धीच बाजू काढतो. उरलेली अर्धी कॉम्प्युटर आरशासारखी उलटवून देतो. इथे दोन्ही बाजूंचे ठिपके वेगवेगळे पडलेत. आणि सारखे नाहीत."

तेवढ्यात दारात कपबश्या वाजल्या. ताई ट्रे घेऊन उभी होती आणि तिची नजर पडद्यावर होती.

"हे कोणी काढलं?"

"कोणी नाही. बिघाड आहे," भाऊजी म्हणाले.

तिने ट्रे स्टुलावर ठेवला आणि उंबरठा ओलांडून आत आली. टेबलाला वळसा घालून ती पडद्यासमोर उभी राहिली आणि खांद्याच्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"डावा खांदा उतरता आहे," ती म्हणाली.

टाचणीचा डावा खांदा जन्मापासून किंचित खाली होता. अंगात घातलेला फ्रॉक एका बाजूला ओघळायचा, म्हणून ताई तिचा प्रत्येक फ्रॉक तेवढाच तिरका कापायची. हे आम्हा तिघांशिवाय कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"पण ही छाती पाच वर्षांच्या मुलीची नाही," भाऊजी हळूच म्हणाले. "दहा-अकराची असेल."

"मग? आता तेवढीच असती ना ती?"

ताईने हे अगदी साध्या सुरात म्हटलं. मी मान खाली घालून माझ्याच सामानात काहीतरी शोधल्यासारखं केलं. पडद्यावरचं चित्र हलवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची सुधारलेली आवृत्ती त्याच सकाळी आली होती. मी ती बरोबर आणली होती. ती टाकली असती तर गोठणं बहुधा थांबलं असतं.

"टाकू का?" मी विचारलं. "काम अडलंय तुमचं."

भाऊजींनी अपुऱ्या कामाकडे बघितलं, मग ताईकडे. ती तिच्या जुन्या खुर्चीत बसली होती. खुर्चीवरची धूळसुद्धा तिने झटकली नव्हती.

"उंचीचा ठिपका राहिलाय," ताई म्हणाली. "तेवढा येऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. ताई कॉम्प्युटरसमोर बसून कारखान्याचंच काम करत होती, ठिपक्यांच्या फ्रॉकचं ते पान पडद्याच्या एका कडेला उघडंच ठेवून. हात अडखळत होते, पण करत होती. भाऊजी बाजूला कागद कापत होते. टेबलावर ऊन आलं होतं. खिडकीखालून कोणाची तरी सायकल गेली.

घड्याळ थांबलं.

ताईने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. बाण त्या कोऱ्या पानावरच्या फ्रॉकपाशी थिजला होता, कंबरेच्या रेघेवर.

"कुठपर्यंत हवाय?" तिने विचारलं. लहान मुलीला समोर उभी करून विचारतात, तशी ती थोडी वाकली होती. "गुडघ्याच्या वर का खाली?"

मी घड्याळाकडे बघत होते. ते हललं नाही.

बाण हलला.

माउसला कोणाचाही हात नव्हता. बाण कंबरेवरून खाली सरकायला लागला, थांबत थांबत. गुडघा गेला. पोटरी गेली. तो अगदी घोट्यापर्यंत आला.

ताई हसली. कितीतरी वर्षांनी तिचं ते हसू मी ऐकलं.

"मोठ्या बायकांसारखा हवा का गं? एवढा नको. पायात येऊन पडशील."

बाण तिथेच राहिला.

"ऐक माझं, राणी."

मग तो वर आला. अगदी थोडा. नाइलाजाने आल्यासारखा.

"बरं, बरं. तेवढा चालेल," ताई म्हणाली. भाऊजींच्या हातातली कात्री तशीच उघडी होती. त्यांना ती मिटता येत नव्हती.

घड्याळ पुढे चालायला लागलं.

त्यानंतर पडदा गोठला नाही. सुधारलेली आवृत्ती माझ्या पिशवीतच राहिली, आणि मी ती का टाकली नाही हे मला कोणी विचारलं नाही. कारखान्याचं काम दोघांनी मिळून वेळेत पुरं केलं. त्याच आठवड्यात ताईने निळ्या सुती कापडाचा तो फ्रॉक स्वतः कापला आणि शिवला. खालच्या काठाला चांगली रुंद दुमड घातली.

"एवढी कशाला?" मी म्हणाले.

"वाढत्या अंगाचं आहे," ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला. फ्रॉक हँगरला लावून तिने त्या खोलीतल्या लाकडी कपाटात ठेवून दिला.

मी यावर फार विचार केला नाही. माझा स्वभाव तसा नाही. ताई पुन्हा कामाला बसते, भाऊजींशी भांडते, मला फोन करून दहा कामं सांगते, याने माझं पोट भरलं होतं. माउस सदोष असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि नवा आणून दिला.

परवा भाऊजींचा फोन आला. सिस्टिमची पुढची आवृत्ती आली आहे, कधी टाकतेस? मी म्हटलं, आहे ती उत्तम चालली आहे, कशाला उगीच हात लावायचा? ते म्हणाले, "तू ये तर खरी."

मी गेले. भाऊजी कारखान्यात गेले होते. ताई माझ्याकडे पाठ करून इस्त्री करत होती आणि तोंडाने अखंड बोलत होती. मला वायर जोडायला लांब बोर्ड हवा होता. "कपाटात बघ," ती म्हणाली.

कपाट उघडलं. बोर्ड खाली होता आणि वर तो निळा फ्रॉक.

खालची दुमड सोडलेली होती. टाके कापून काढले नव्हते, एकेक करून नीट उसवले होते. ताईची पद्धत तीच. हौसेने उसवली असेल, मी मनात म्हटलं, आणि काठ हातात घेतला.

ज्यांनी लहानपणी असे कपडे घातलेत त्यांना हे माहीत असतं. दुमड सोडली की आतली पट्टी नव्यासारखी गडद निघते, कारण बाकीचा कपडा तोवर अंगावर वापरून आणि धुऊन धुऊन फिका पडलेला असतो. इथेही तसंच होतं. पट्टी गडद निळी, आणि तिच्या वरचा सगळा फ्रॉक विटलेला. दोन्ही कोपरांपाशी कापड झिरझिरीत झालं होतं. कॉलरची घडी मऊ पडली होती. कपाटाला ऊन कधीच लागत नव्हतं.

काठ बोटांत धरून बघितला. सोडायला आता काहीच शिल्लक नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "हा कोणाला घालायला दिला होतास?"

"कोणाला देणार?" तिने इस्त्री उभी ठेवली. "आखूड झाला गं तो. सापडला का बोर्ड? मग लाव तुझं ते अपग्रेड. माप आलं की लगेच कापायला घेते."

तिच्यासमोर टेबलावर नवं कापड पसरलेलं होतं. मागच्या वेळेपेक्षा ते बरंच जास्त होतं.