वडाच्या पोटातला आवाज

शाल्मलीनं आजोबांचं, झाडांतले बारीक आवाज टिपणारं श्रवणयंत्र वडाच्या खोडाला लावलं, त्याची नळी कानात घातली आणि ती दचकलीच. आतून टक्, टक् असा आवाज येत होता, कुणी वाळक्या काड्या मोडत बसल्यासारखा.

"आबाजी, आत कोण आहे?"

चंद्रपूरकडच्या त्या उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकला होता. वसाहतीत झाड म्हणावं असा हा एकच वड, आणि त्यावर एकही पान उरलं नव्हतं. तोडणीसाठी बोलावलेला ‘छेदक’ नावाचा यंत्रमानव करवत परजून उभा होता.

"पानं शून्य. वृक्ष मृत," तो म्हणाला.

"मेलेलं झाड असा आवाज करत नाही, शहाण्या," आबाजी म्हणाले. त्यांचा जन्म झाडांच्या अभ्यासात गेला होता. "शाल्मली, झाडात जलवाहिन्या (पाणी वर नेणाऱ्या अतिशय बारीक नळ्या) असतात. पानं वरून पाणी ओढतात, मुळं खालून पुरवतात. खालचं पाणी आटलं की नळीतला पाण्याचा धागा ताणून तुटतो आणि तिथं बुडबुडा होतो. त्या तुटण्याचा आवाज एरवी आपल्याला ऐकू येत नाही."

"मग तो पाणी जपून का नाही वापरत?"

"जपतो की! आधी पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटून घेतो. पण मग हवा आत जात नाही, अन्न तयार होत नाही आणि पान तापतं. तहान भागवायला उपास! तेही पुरेना, म्हणून पानंच टाकली. तरी सालीतून थोडं पाणी उडतंच, म्हणून अजून धागे तुटतायत."

"जंगलातही असंच होतं?"

"होतं. पण तिथं पाचोळा ओल धरतो, शेजारची झाडं सावली देतात. इथं बघ."

शाल्मलीनं खाली पाहिलं. थेट बुंध्यापर्यंत चकचकीत फरशी! वटपौर्णिमेला साड्यांना चिखल लागतो, म्हणून वसाहतीच्या अध्यक्षा उमाटे काकूंनी ती हौसेनं बसवून घेतली होती. पावसाचं पाणी तिच्यावरून गटारात जाई आणि रात्रभर ती तव्यासारखी गरम राही. पूजा करता करताच त्यांनी वडाचा गळा आवळला होता, आणि कुणाला पत्ताही नव्हता.

"आम्ही पूजतो त्याले, आबाजी! आम्ही कशाला मारू?" तोडणी बघायला आलेल्या काकू हे ऐकून चिडल्या. आबाजींनी नुसती खोडावरच्या यंत्राची नळी त्यांच्या कानाला लावली. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी छेदकाला परत पाठवलं आणि फरशी उखडायला सब्बल मागवली.

फरशी निघाली. पाचोळा पसरून सावकाश पाणी सोडलं. काही दिवसांनी आवाज थांबला, तशी शाल्मली नाचायलाच लागली. आबाजींनी मात्र मान हलवली.

"पाणी पोचलं तरी आवाज थांबतो, बाळा, आणि झाड मेलं तरी थांबतो."

त्यांनी फांद्यांची साल नखानं खरवडली. एका बाजूला आत हिरवं होतं, दुसरीकडे सगळं कोरडं, तपकिरी. "अर्धा गेला. उरलेल्याला नव्या जलवाहिन्या घडवायला वेळ लागेल," ते म्हणाले. शाल्मलीला रडू आवरेना.

वटपौर्णिमेला पाऊस नव्हताच. वाळल्या फांद्या उतरवलेल्या वडाभोवती काकू ओल्या मातीतून फेऱ्या घालत होत्या. साडीचा काठ चिखलानं भरला होता. हिरव्या बाजूला दोन कोवळी पानं दिसत होती.

"काय मागितलं, काकू?" शाल्मलीनं विचारलं.

"सात जन्माचं राहू दे, पोरी," काकूंनी त्या पानांकडे पाहिलं. "याचा येता उन्हाळा निघू दे म्हटलं."