बारावा आकडा

तोमिहारा कंपनीचा आमचा कारखाना इलिनॉयमधल्या शॉमबर्गपासून पंधरा मिनिटांवर आहे. मोठमोठे हायड्रोलिक प्रेस इथे जोडून, तपासून पाठवले जातात. सकाळी सात वाजता आमच्या बेमधले, म्हणजे कारखान्याच्या आमच्या भागातले, सगळे बारा जण पिवळ्या रेषेवर उभे राहतात आणि आपापला आकडा मोठ्याने म्हणतात. वन, टू, थ्री. संध्याकाळी निघताना पुन्हा तेच.

नवीन माणसाला यामागची गोष्ट नंदू काका सांगायचे. शंभर वर्षांपूर्वी ही कंपनी म्हणजे जपानच्या एका बंदरावर बोटींचे बॉयलर दुरुस्त करणारी शेड होती. एकदा बॉयलर फुटला आणि आत कोण राहिलं, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून मालक स्वतः माणसं मोजू लागला. पुढे कंपनीने पूल बांधले, सिमेंटच्या भट्ट्या केल्या, ऐंशीच्या दशकात हा कारखाना घेतला. मोजणी तशीच राहिली. "जेवढे आत, तेवढे बाहेर. बाकी सगळं ब्रोशरमध्ये वाच," काका म्हणायचे.

काका सीनियर टेक्निशियन, मी क्वालिटी इंजिनिअर. हा जॉब मला त्यांनीच मिळवून दिला होता.

गेल्या ऑक्टोबरात एका प्रेसचे चोवीस बोल्ट मला तपासायचे होते. त्या दिवशी माझ्या मुलीचा, अनिकाचा, डान्स होता. मी सोळा तपासले, चोवीसवर सही केली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी काकांनी त्या प्रेसची टेस्ट सुरू केली. एकोणिसावा बोल्ट सुटला आणि काका जागीच गेले. त्या संध्याकाळी आम्ही बाराचे अकरा होतो.

चौकशीत मी म्हणालो, "मी सगळे तपासले होते. नंतर काकांनी काही ढिलं केलं असेल." रिपोर्टमध्ये ऑपरेटरची चूक अशी नोंद झाली. तसं पत्र काकांच्या बायकोला, पद्मिनी काकूंना, द्यायला कंपनीने मलाच पाठवलं, मला मराठी येतं म्हणून. मी ते त्यांना वाचूनही दाखवलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, रांगेच्या टोकाला उभा राहून मी "इलेव्हन" म्हणालो. डावीकडून आवाज आला, "बारा."

मराठीत. शांत, रोजच्यासारखा. डावीकडे, काकांच्या जागी, कुणीही नव्हतं.

आमचे सुपरवायझर ओकामुरा-सान यांनी कागदावर बारा लिहिलं.

"आपण अकरा आहोत," मी त्यांना नंतर म्हणालो.

त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "मी बारा आवाज ऐकले," ते म्हणाले. त्यांनी विचारलं, "तुम्ही नाही ऐकले?"

मी नाही म्हणालो. तेही खोटंच.

मंगळवारी पुन्हा बारा. बुधवारीही. बाहेर बर्फ होतं. सगळ्यांच्या बुटांखाली पाणी साचलेलं असायचं. गुरुवारी मी खाली पाहिलं. माझ्या डावीकडे, रेषेवर, दोन बुटांएवढी जागा कोरडी होती. तिच्या कडेने पाणी हळूहळू पसरत होतं.

शुक्रवारी मी ओकामुरा-सानना सगळं सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "लेखी द्या." मी लिहून दिलं. पण हलकं वाटलं नाही.

शनिवारी दुपारी काकूंकडे गेलो. त्या पोळ्या करत होत्या.

"काकू, ती चूक काकांची नव्हती. माझी होती. मी खोटं बोललो. आणि ते पत्र तुम्हाला वाचून दाखवलं."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत आडवे झालेत."

मला आधी कळलंच नाही.

"तुझ्यावर राग नाही त्यांचा," काकूंनी पोळी उलटली. "तुझं नाव निघालं की म्हणतात, चांगला मुलगा आहे. लहान मुलगी आहे त्याला."

मी मान खाली घातली. याहून शिव्या बऱ्या होत्या.

बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. मी तिकडे पाहिलं नाही.

"जाताना तो ओट्यावरचा डबा बघ," काकू म्हणाल्या. "झाकण नीट लागतं का ते. सोमवारपासून दोन डबे द्यायला सांगितलंय त्यांनी."

ओट्यावर दोन स्टीलचे डबे होते. दुसऱ्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून माझं नाव लिहिलेलं होतं. अक्षर काकांचं होतं.

मी त्यावरून अंगठा फिरवला. शाई अंगठ्याला लागली.