पुसलेले वण

"अवो, सरका बाजूला! ऊन चाललंय माझं!"

पिंगळी स्टेशनात उभ्या मालगाडीच्या दोन डब्यांमधून सकाळच्या उन्हाची एक तिरीप फलाटावर उतरली होती. ती टिपायला परभणीचा फोटोवाला बन्सीधर काळ्या कापडात डोकं खुपसून पाऊण तास ताटकळला होता. आणि नेमकी आत्ताच एक पोरगी डोक्यावर पाटी घेऊन त्या तिरिपेत येऊन उभी राहिली.

"ऊन तुमचं?" ती जागची हलली नाही. "मला वाटलं निजामाचं हाय. रेल्वे त्याची, फलाट त्याचा..."

बन्सीधरनं डोकं बाहेर काढलं. तिच्या गालांवर देवीचे वण होते आणि तिरपं ऊन एकेका वणाशी थांबत थांबत खाली उतरत होतं. तो बघतच राहिला. लाजायचं तिनं, तर मान खाली गेली याची! तेवढ्यात मालगाडी हलली.

"गेलं बघा तुमचं ऊन," ती म्हणाली आणि हसत चालू लागली.

ती गावच्या किशनरावांची पोरगी दैवशाला. हे त्याला आठ दिवसांनी कळलं, किशनरावांनी फोटो काढायला घरी बोलावलं तेव्हा. पूर्णेला रेल्वेत नोकरी करणारं एक स्थळ आलं होतं. आधी फोटो बघू, पसंत पडला तर सुपारी फोडायलाच येऊ, असा त्यांचा निरोप होता.

बन्सीधर जातीतलाच, जिंतूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. शेती भावावर टाकून कॅमेऱ्याच्या मागं लागलेला. लग्नाबिग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण जीव सगळा उन्हात. पाटाच्या पाण्यावर चमकून गेलेली रेघ, कवाडाच्या फटीतून ज्वारीच्या राशीवर पडलेली पट्टी... डोळ्याचं पातं लवेपर्यंत नाहीसं होणारं काहीबाही तो कॅमेऱ्यातल्या काचांवर धरून ठेवायचा. असले फोटो कुणी विचारत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्यानं दैवशालाला ओसरीवर बसवलं आणि पत्र्याच्या भोकातून येणारा कवडसा गालापर्यंत सरकायची वाट बघत उभा राहिला.

"फोटू माझा काढायलाव, का उन्हाचा?"

"दोघांचा," तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"मग त्याला बी पूर्णेला पाठवायलाव का?" ती हसली. मग हळूच म्हणाली, "एक ऐका... माझे वण तसेच ऱ्हाऊ द्या. बघून न्हाई म्हणले तर म्हणू द्या."

त्यानं मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी, परभणीच्या दुकानात, खिडकीशी तिच्या फोटोची काच धरून त्यानं पेन्सिलीला टोक काढलं! फोटोवाल्यांचा धंदाच तसा. काचेवर पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की फोटोत वण, सुरकुत्या, डाग काही उरत नाही. गिऱ्हाईक खूश. उन्हाच्या काचेला त्यानं कधी पेन्सिल लावली नव्हती, आणि माणसांच्या काचेला लावल्यावाचून तो कधी राहिला नव्हता. आपण तिचं भलंच करतोय, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. भिंग डोळ्याला लावून सबंध दुपार तो तिच्या गालांवर वाकलेला होता. शेवटी गाल दुधावरच्या सायीसारखे झाले.

फोटो पसंत पडला. पूर्णेची मंडळी सुपारी फोडायला आली आणि त्या सोहळ्याचा फोटो काढायला बन्सीधरलाच बोलावलं गेलं. नवऱ्या मुलाची मावशी कमलबाई. तिनं पिशवीतून फोटो काढला आणि भरल्या ओसरीवर दैवशालाच्या गालाशी धरला.

"ही ती न्हाईच! पोरगी बदलली का काय?"

"फोटू हिचाच हाय, बाई..." किशनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हंजी आमाला फसवायलाव व्हय!"

एक वाक्य पुरलं असतं. 'हे मी केलं' एवढंच. पण बन्सीधर काळ्या कापडात डोकं घालून उभा राहिला, जणू आत काही फार मोठं काम चाललं होतं. पोह्यांच्या बश्या तशाच ठेवून मंडळी उठली. गावभर झालं, किशनरावानं फसवलं. कापड काढलं तेव्हा दैवशाला त्याच्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. ते त्याला फार लागलं.

तीन दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. आरशात बघायचीसुद्धा लाज वाटू लागली. चौथ्या दिवशी तो पिंगळीला उतरला आणि किशनरावांपुढं सगळं कबूल केलं.

किशनराव उठून ओसरीच्या काठाशी आले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? जिथं माझं नाक कापलंस, तिथं जाऊन सांग."

दुपारच्या गाडीनं तो पूर्णेला गेला. कमलबाईच्या दारात, दहा माणसांत उभं राहून बोलला. कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. तो वाक्य पुरं करूनच थांबला.

दिवस कलताना तो परत आला तेव्हा दैवशाला मळ्याच्या विहिरीवर होती.

"आबांना सांगा," तो खाली बघतच म्हणाला, "कमलबाईनं बोल मागं घेतलेत. फसवणारा मी होतो, हे सगळ्यांला कळलंय. सोयरीक मात्र... तुटली ती तुटलीच."

"सोयरिकीचं जाऊ द्या." तिनं घागर खाली ठेवली. "उन्हाचे फोटू बी पुसता का तुमी?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"मग माझंच तोंड काय असं वंगाळ होतं?"

 बन्सीधरनं सवयीनं बरोबर आणलेला कॅमेरा खांद्यावरून काढून विहिरीच्या काठावर ठेवला.

"चुकलो," तो म्हणाला. "लय चुकलो. पर एक सांगू... पुसता पुसताच एकेक वण पाठ झाला मला. डाव्या गालावर अकरा, उजव्यावर पाच, हनुवटीवर एक. सतरा. आता डोळे मिटले की तेवढेच दिसतात. दुसरं काही फोटूत धरावंसंच वाटंना..."

दैवशालानं पदराचा काठ चाचपला. मग पहिल्यांदाच तिची मान खाली गेली.

"अठरा," ती म्हणाली.

"आँ?"

"अठरा हायेत. एक कानाच्या मागं हाय. फोटूत यायचा न्हाई त्यो." तिनं घागर कमरेवर घेतली. "बघायचा असंल... तर आबाला विचारावं लागंल."

बन्सीधर किशनरावांच्या घराकडं असा काही पळत सुटला, की कॅमेरा विहिरीवरच राहिला.