कोंबड्याचं लेबल

इरासेमाने मॉलमधल्या टेपच्या दुकानातली भिंतीवरची यादी टर्रकन फाडली आणि काउंटरवर आपटली.

"ह्यात माझा चोन मामा कुठाय?"

काउंटरमागचा पोरगा दचकला. उंच, सडपातळ, खिशावर 'एलिसेओ' अशी नावाची पट्टी. पापण्या तर इतक्या लांब की पोरींनी जळावं. इरासेमाला त्या पापण्यांचाही राग आला.

"ही... ह्या आठवड्यातल्या पहिल्या पन्नास लॅटिन अल्बमांची यादी आहे," तो म्हणाला. "अख्ख्या देशाची."

"वाचता येतं मला. शाळा सोडलीय, डोळे नाही सोडले. एक नंबरला मायामीची बाई. दोनला तो रडका. तीनला परत तीच बाई, जुनी टेप! आणि मामा? आमच्या वेस्ट साइडला पोरीचा पंधरावा वाढदिवस असो, लग्न असो, बारसं असो, त्याचंच अ‍ॅकॉर्डियन वाजतं. आमच्या एकट्या दुकानातून सहाशे टेप गेल्या. सहाशे! कुठायत त्या?"

"तुमच्याकडे स्कॅनर आहे?"

"काय?"

त्याने एक टेप उचलून लाल उजेडासमोर धरली. टूं! "हा आवाज झाला की फोनच्या तारेतून यादीवाल्यांना कळतं. नाही झाला तर त्यांच्या लेखी टेप खपलीच नाही."

"म्हणजे आमच्याकडे काय भुतं नाचतात?"

तो हसला. एका गालावर खळी पडली. एकाच. "तू पण नाचतेस?"

"तुझ्या डोक्यावर नाचेन, मॉलवाल्या."

ती तरातरा बाहेर पडली. बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं, फाडलेली यादी अजून मुठीतच होती. आणि खळी काही केल्या डोक्यातून जात नव्हती.

तिचा राग उगाच नव्हता. मामा एकसष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं सॅन अँटोनिओच्या उन्हात लोकांच्या छपरांवर डांबर ओतलं आणि शनिवारी अ‍ॅकॉर्डियन वाजवलं. आता कुठे कॉर्पस क्रिस्टीच्या एका कंपनीने त्याची टेप काढली होती. कंपनीने साफ सांगितलं होतं, जुलै संपायच्या आत यादीत आलात तर दुसरी टेप, नाहीतर राम राम. आणि आमच्या भोळ्या सांबाने छपराची सगळी हत्यारं वाटूनसुद्धा टाकली होती!

तिसऱ्या दिवशी एलिसेओ इरासेमाच्या दुकानात हजर. काखेत खोकं.

"यादीवाल्यांकडे एक जादाचा स्कॅनर होता," तो म्हणाला. "सहा फॉर्म भरले, चारदा भांडलो."

"तू? भांडलास?"

"तुझी आठवण काढली. जमलं."

तिची आई, जिला सगळी गल्ली आदराने डोन्या लिओकाडिया म्हणायची, आतून ओरडली, "पोरा, जेवलास का?"

"हो, मावशी."

"खोटं बोलतोय. काड्या झाल्यात हाताच्या. इरा, दे त्याला टाको!"

एका हातात टाको धरून त्याने यंत्र जोडलं. खिशातून स्वतःची एक टेप काढून दाखवली. टूं! मग तिच्या खांद्यावरून वाकून काय काय सांगत राहिला... कुठे धरायचं, काय वाचतं. त्याच्या मानेला साबणाचा वास येत होता. शर्टाची बाही तिच्या दंडाला लागत होती.

"समजलं, समजलं!" ती खेकसली. "दिवा दाखवायचा. मी काय खुळी आहे?"

तो गेल्यावर तिने पहिली टेप दिव्यासमोर धरली. यंत्र गप्प. उलटी धरली. गप्प. थोबाडीत मारली, तरी गप्प. विचारायला मॉलमध्ये जायचं? मेली तरी जाणार नाही! तिने नेहमीसारखी हाताने किंमत दाबली आणि गल्ला बंद केला.

तेव्हापासून रविवार सोडून तो रोज यायचा. रोज मामाचीच टेप मागायचा.

"परत? कालची काय खाल्लीस?"

"गाडीत वितळली."

"आणि परवाची?"

"शेजारणीने नेली."

"कसली शेजारीण?"

"सत्तर वर्षांची. दात नाहीत तिला. ...का गं?"

"उगाच!" ती पाठ फिरवून गल्ल्यावर बोटं आपटायची, तापलेले गाल दिसू नयेत म्हणून. दुकानात मामाचं अ‍ॅकॉर्डियन असं दणाणत असायचं की टूं झालं की नाही, त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. ती टेप कागदी पिशवीत घालून दोनदा दुमडायची. तो पिशवी घेताना बोटं जरा जास्तच वेळ...

जाऊ दे.

तीन आठवडे झाले. तीन याद्या आल्या. मामा कुठेच नाही. कंपनीचा फोन आला, एकच आठवडा उरलाय. मामा दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "पोरी, डांबराचं पिंप कुणाकडे दिलं होतं गं मी?"

झालं. इरासेमाच्या डोक्यात जाळ झाला. तिने बस पकडली. मॉलच्या पार्किंगमध्ये एलिसेओ डबा खात बसला होता.

"खोटारड्या! तुझं यंत्र आंधळं, तुझी यादी आंधळी, आणि तू... तू तर...!"

"यंत्र ठीक आहे, इरा. मी रोज एक टेप घेतोय ना? निदान तेवढ्या तरी—"

"दाखव कुठायत!"

त्याने गाडीचं दार उघडलं. पुढच्या सीटखाली कागदी पिशव्या. सतरा. दुमडलेल्या तशाच, एकही न उघडलेली.

"ऐकल्या नाहीस?"

"एक घरी होती आधीच." तो खाली बघत म्हणाला. "मी काय टेपसाठी यायचो?"

तिने रागाने पहिलीच पिशवी फाडली. आत टेप. टेपवर दुकानाचं किमतीचं लेबल, पिवळं, त्यावर लाल कोंबडा. तिने स्वतःच्या हाताने चिकटवलेलं. आईचा नियमच होता, गाणाऱ्याचा चेहरा झाकायचा नाही, मागची गाण्यांची नावं झाकायची नाहीत, गिऱ्हाईक ती वाचूनच टेप घेतं. मग उरते एकच जागा. ती काळ्या रेघांची पांढरी चौकट.

तिने नखाने लेबल खरवडलं. खालून काळ्या रेघा निघाल्या.

"यंत्र हे वाचतं?" तिचा आवाजच बदलला.

"हो... मी सांगितलं होतं ना?"

"सांगत होतास तेव्हा तू इतका जवळ उभा होतास, मूर्खा! मला काय ऐकू येणार होतं?"

बोलून गेल्यावर दोघांनाही कळलं ती काय बोलली. तो कानापर्यंत लाल झाला. इरासेमाने डोळे वटारले.

"हसलास तर बघ."

"नाही हसत," तो म्हणाला. पण खळी पडलीच.

त्याच दुपारी तिघं दुकानात जमिनीवर बसली. शिल्लक तीनशे टेप, बशीत स्वयंपाकाचं तेल, आणि नखं. इरासेमा स्वतःला शिव्या घालत होती, कोंबड्याला घालत होती. आई म्हणाली, "मला नको घालूस." एलिसेओ मध्येच लोणच्याच्या पाण्याचा बर्फगोळा तिच्या तोंडापुढे धरायचा. हात तेलकट, म्हणून ती खायची. एरवी खाल्ला नसता, हं.

मामा दाराशी अ‍ॅकॉर्डियन घेऊन उभा राहिला. तो वाजवायला लागला तशी गल्ली गोळा झाली. आधी टेप घेतलेल्यांनी दुसरी घेतली, बहिणीसाठी, व्याह्यासाठी. टूं! टूं! टूं! चार दिवसांत तीनशे संपल्या, कंपनीकडून आणखी आल्या.

शुक्रवारी एलिसेओ यादी घेऊन धावत आला. तिने वरून वाचायला घेतली. एक, मायामीची बाई. दहा. तीस. चाळीस. ती कागद चुरगळणारच होती.

"खाली बघ," तो हळूच म्हणाला.

अगदी तळाला, पन्नास नंबरला मामाचं नाव होतं.

मामाने टोपी काढून छातीशी धरली. आई रडायलाच लागली. आणि इरासेमा?

"पन्नासावा? फक्त पन्नासावा? ती बाई अजून एकवर बसलीय! ह्यांना कान आहेत की—"

"इरा. दुसरी टेप निघणार. कळतंय का?"

तिला कळत होतं. म्हणूनच तर डोळे भरून येत होते, आणि त्याचाही तिला राग येत होता. मामाने अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवलं. एलिसेओ पुटपुटला, "मला नाचता येत नाही."

"माहितेय. पायावर पाय पडला तर मारीन."

तिने गल्ल्याजवळून एक लेबल उचललं, पिवळं, लाल कोंबड्याचं, आणि त्याच्या खिशावरच्या नावावर, बरोब्बर नावावर, अंगठ्याने दाबून चिकटवलं.

"हे काय?"

"आता तुला दुसऱ्या कुणी वाचायचं नाही," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून ओढलाच.